चुलीवरच्या माळ्यावरचा कॉम्प्युटर

माझ्या जुन्या कॉम्प्युटरला हसायचं तर हसा, पण आधी ऐका. मोबाईल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. ठाण्याच्या भंगारातून आणून मी जुळवलेला हा गडी आमच्या खोडाळा गावच्या पावसात दमट होऊन बंद पडला. मी मदरबोर्ड काढला आणि सरळ चुलीवरच्या माळ्यावर ठेवला.

बायको भडकली. "अहो, तिथं माझं नागलीचं बियाणं आहे!"

"म्हणूनच ठेवला. बियाण्याला कधी बुरशी लागलीय का तिथं?"

आठवड्यानं बोर्ड खाली काढतोय, तोच मेव्हणा आला. ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याचं. दाभोशाच्या धबधब्यावरून चिंब भिजून आलेला. त्यानं बोर्ड हुंगला.

"दाजी, हा बोर्ड आहे की सुकट? परत भंगारात द्या."

मी बोर्ड बसवला, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं सरसर उमटली.

मेव्हण्यानं वाकून पडदा पाहिला. मग त्यानं खिशातून पाणी गळणारा मोबाईल काढला. "ताई, माळ्यावर जागा आहे का गं?"

बायको म्हणाली, "मला काय विचारतोस? दुरुस्तीचं ह्यांना विचार."