चादरीवरची वेचणी

(अंबडजवळचं शेत. कापसाची पहिली वेचणी. सगुणाबाईला जाऊन वर्ष होत आलेलं. तिचा नवरा अंगद आणि लेक दैवशाला.)

अंगद : ...याच झाडापाशी बसल्ती. आठ दिसांचा ताप अंगात, अन् मला म्हणती, दहीभातात मीठ कमी पडलं का बघा.

दैवशाला : कमीच होतं.

अंगद : मंग बोलली न्हाईस?

दैवशाला : तुम्ही तरी कुठं बोललात? दोनदा मागून खाल्लात.

अंगद : कोण बोलंल तिला! गोळी खाऊन सांजपर्यंत वेचत राह्यली. दुसऱ्या दिशी मला वळखंना. ...घे, दहीभाताची वाटी झाडाबुडी तू ठेव यंदा. पहिल्या वेचणीला घरच्या बाईनंच ठेवायची असती.

दैवशाला : तुम्हीच ठेवा, बप्पा.

अंगद : माझ्या हातची वाटी पाहून बोंडं मिटतील, येडे.

दैवशाला : मिटू द्या.

अंगद : अजून दिसती मला. जालन्याच्या दवाखान्यात चादर चिमटीत धरायची, ओढायची, ओटीत टाकायची. मी म्हणलं, वेचणी याद आली, म्हंजी हुशारी येऊन राह्यली. नर्सबाईला हसून सांगितलं मी.

दैवशाला : टायफाईड मेंदूवर गेला होता. शुद्ध हरपत चालली होती तिची.

अंगद : मी अडाणी. डॉक्टरला तं कळत व्हतं? ते स्टेरॉइडचं इंजेक्शन सांजच्याला दिलं. सकाळीच द्याया पायजे व्हतं, उशीर केला, मेडिकलवाला कल्याण म्हणला. उद्या जालन्याला चाललो. विचारतोच त्या डॉक्टरला, चार माणसांत.

दैवशाला : नका जाऊ.

अंगद : का?

दैवशाला : डॉक्टरांनी सकाळीच विचारलं होतं, ते इंजेक्शन देऊ का म्हणून. तुम्ही खाली चहाला गेल्ता तेव्हा. गुण येईलच अशी खात्री नाही म्हणाले, पण लगेच सुरू करू.

अंगद : मंग?

दैवशाला : नंदामावशीचं तोंड कसं सुजलं होतं, गुडघ्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊन? आणि मी कुठंतरी वाचलं होतं, अंगात जंतू असताना स्टेरॉइड घेऊ नये.

अंगद : तू लई वाचती. तुझी माय गावभर सांगायची.

दैवशाला : दुपारी ते परत आले. हात जोडून समजावलं.

अंगद : दैवशाला, ती वाटी खाली ठेव. नीट सांग मला.

दैवशाला : डॉक्टरांनी उशीर नाही केला, बप्पा. संध्याकाळपर्यंत इंजेक्शन नको म्हणत होती, ती मी.