केळीखालचा डबा

डॉक्टर ओसारेतिन : मग रिपोर्ट कुठाय, बाई? ऑपरेशनला सहा आठवडे होऊन गेले.

इतोहान : तो तुमच्याकडेच असणार ना, डॉक्टर? मला वाटलं, गाठ काढली, विषय संपला.

डॉक्टर : आमच्याकडे लॅब नाही. काढलेली गाठ आम्ही डब्यात घालून ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच नातेवाइकांच्या हातात देतो. मोठ्या इस्पितळात ती त्यांनीच पोचवायची. ही बघा, तुमच्या बहिणीची सही.

इतोहान : ताई? तू पोचवलास ना डबा?

अदेसुवा : त्यात काय पोचवायचं होतं?

इतोहान : ताई!

अदेसुवा : पुरला मी. परसात. आईच म्हणाली, पोरीच्या गर्भपिशवीत वाढलंय ते, कचऱ्यात नको जायला. बाळाची वार पुरतात तसा पुरला, थोडी जिन दारू शिंपडली आणि वर केळ लावली.

इतोहान : वार? अगं, मूल कुठं झालं होतं मला?

अदेसुवा : म्हणून तर! सहा वर्षं बाजारातल्या बाया तुझ्या पोटाकडे बघून विचारायच्या, कितवा महिना? तू कापड मोजत मान खाली घालायचीस. मला वाटलं, निदान याला तरी नीट माती मिळू दे.

इतोहान : आणि मला सांगितलंस, सगळं ठीक आहे!

अदेसुवा : मला तसंच वाटलं गं! हे डॉक्टर दार अर्धं उघडून म्हणाले, “हे घ्या, इथं सही करा.” आणि दार लावलं. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. मला कुठं वाचता येतं?

डॉक्टर : माझं चुकलं. समजावून सांगायला हवं होतं, नंतर फोनही करायला हवा होता.

इतोहान : ते राहू दे. मघाशी सोनोग्राफी करताना तुम्ही एकदम गप्प का झालात?

डॉक्टर : पोटात नव्या गाठी दिसतायत.

इतोहान : सहा आठवड्यांत?

डॉक्टर : साधी गाठ इतक्या लवकर परत येत नाही, बाई. बहुतेकींची साधीच असते, तुमचीही तशीच दिसत होती. पण क्वचित तिच्या आत कर्करोग दडलेला असतो, आणि सोनोग्राफीत दोन्ही सारख्याच दिसतात. तुमची गाठ मोठी होती. छोट्या छेदातून बाहेर यावी म्हणून मी आतच तिचे तुकडे केले. आत काही वाईट असेल, तर ते पोटात पसरलं असेल.

इतोहान : तुमच्या हातानं.

डॉक्टर : हो. माझ्याच हातानं.

अदेसुवा : हे आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला? आम्ही मिठाई वाटली हो! अख्ख्या आळीला!

इतोहान : ओरडू नकोस, ताई. डॉक्टर, आता कसं कळणार?

डॉक्टर : नव्या गाठीचा तुकडा घ्यावा लागेल, म्हणजे परत सुई, परत भूल. पहिली गाठ असती तर आजच पाठवली असती. पण मातीत सहा आठवडे...

अदेसुवा : डब्यातच आहे ती.

डॉक्टर : काय?

अदेसुवा : झाकण उघडायचं धाडस झालं नाही माझ्याच्यानं. होता तसा पुरला. आत पाणी हलत होतं, आणि डब्याला बाहेरूनही नाकाला झोंबणारा वास होता.

डॉक्टर : पाणी नाही, औषध आहे ते. झाकण घट्ट असेल तर गाठ अजून तपासता येईल! आत्ता निघा. मोठ्या इस्पितळातली लॅब चारला बंद होते.

(परसात. अदेसुवाच्या हातात कुदळ, इतोहान पायरीवर बसलेली.)

अदेसुवा : सापडला! झाकण घट्ट आहे गं, थेंबभरही गळलं नाही. आण ते फडकं, पुसून देते... अशी बघत काय बसलीस?

इतोहान : केळीला नवं पान आलं होतं.

अदेसुवा : मरू दे ती केळ! कालपर्यंत मी रोज पाणी घालत होते हिला. तुझं नाव घेऊन घालत होते.

इतोहान : दे तो डबा. मी नेते.

अदेसुवा : एकटी? मी येते ना. या वेळी दारातून परत नाही फिरणार मी.

इतोहान : ये. पण आधी ती केळ परत लाव, ताई. खड्डा उघडा नको राहायला.