बर्फाखालचा कोल्हा

(केल्वर्ट गावचं आइस हॉकीचं मैदान. ओरेस्ट गुडघे टेकून बर्फावर मधल्या वर्तुळात रंग भरतोय. मार्लीन कठड्याशी उभी.)

मार्लीन : शेपटीपर्यंत आलास? अरे, कमिटीनं तुला नुसत्या रेघा मारायला सांगितलं होतं ना, ओरेस्ट!

ओरेस्ट : शेपटीशिवाय कोल्हा कुत्रा दिसतो.

मार्लीन : थट्टा पुरे. संघ शहरात गेला, त्याच्याबरोबर नाव गेलं, चिन्हातला कोल्हाही गेला. आता इथे लहान पोरं घसरगुंडी खेळणार. वरून पाणी मारून गोठवायच्या आत पांढरा रंग फास, हे सांगायला मला पाठवलंय.

ओरेस्ट : बरी तूच सापडलीस त्यांना!

मार्लीन : दुसऱ्या कुणाला तू दारात उभं करत नाहीस.

ओरेस्ट : शहरात जाऊन तरी काय दिवे लावले संघानं? एक सामना धड जिंकलेला नाही.

मार्लीन : कोल्ह्याला द्राक्षं आंबट!

ओरेस्ट : असू देत आंबट. हिवाळ्यात शनिवारी अख्खं गाव इथे असायचं, मार्लीन. खेळायला पोरं होती, बघायला माणसं होती. बाहेरगावच्या पोरांना ठेवून घ्यायला घरं मिळेनात, म्हणून बुडाला संघ. आणि पहिलं दार कुणी लावलं?

मार्लीन : मी. घे ना नाव, घाबरतोस कशाला?

ओरेस्ट : तू नाही म्हणालीस, मग शेवचुकांची ओल्गा नाही म्हणाली, मग सगळ्याच.

मार्लीन : आणि मी का लावलं? तेव्हा मॅनेजर कोण होता रे?

ओरेस्ट : ते जुनं झालं.

मार्लीन : तुझ्यासाठी. कोडी दोन वर्षं माझ्या घरात होता. सतरा वर्षांचं पोर! नाताळ तोंडावर आला होता, आम्ही दोघं पेरोगीच्या करंज्या लाटत बसलो होतो, आणि तुझा फोन आला. कोडीला दुसऱ्या संघाला दिलंय, बदल्यात गोलरक्षक येतोय, दुपारच्या बसनं निघायचं. पिठाचे हात पुसत कोडी मला म्हणाला, "माझं काय चुकलं, मावशी?"

ओरेस्ट : गोलरक्षक हवाच होता. त्याच वर्षी चषक आला आपल्याकडे.

मार्लीन : आला ना! आणि तो गोलरक्षक संध्याकाळी तू कुणाच्या दारात आणून उभा केलास? कोडीची चादरसुद्धा मी बदलली नव्हती.

ओरेस्ट : मला वाटलं, खोली मोकळी झालीय.

मार्लीन : तेच. तुला खोली दिसली. त्या पोराला मी उपाशी नाही ठेवलं, त्याचा काय दोष? हंगाम संपला, तो गेला, आणि मी कडी घातली.

ओरेस्ट : एका चषकापायी संघ घालवला मी. रोज इथे येतो, रोज वाटतं.

मार्लीन : वाटून काय उपयोग आता?

ओरेस्ट : परवा कोडीला फोन लावला. म्हटलं, शेवटचा कोल्हा काढतोय, येऊन बघून जा.

मार्लीन : ...काय म्हणाला?

ओरेस्ट : जमणार नाही म्हणाला. संघाबद्दल एक शब्द नाही. मार्लीनमावशीकडची ती खोली अजून तशीच आहे का, एवढंच विचारलं.

मार्लीन : तू काय सांगितलंस?

ओरेस्ट : काय सांगणार? तेव्हापासून तू मला उंबऱ्याच्या आत कुठे घेतलंयस!

मार्लीन : आहे म्हणून कळव त्याला.

ओरेस्ट : बरं. आण तो पांढरा डबा इकडे.

मार्लीन : हा घे. आणि एकच हात मार, ओरेस्ट. पातळ.