बाबांचं बुटकं कुंपण

आमच्या बाबांनी बागेला खांब आणि साखळीचं कुंपण घातलं, ते ऐकाच. पंचवटीतला फॅब्रिकेटर साखळी अडकवत होता आणि बाबा सारखे म्हणत होते, "अजून खाली सोडा."

"काका, जमिनीला टेकेल आता."

"आमच्या हिला साडीत ओलांडून फुलं तोडता आली पाहिजेत."

आई सहा महिन्यांसाठी म्हणून दादाकडे कॅनडाला गेली, ती नातवात अडकून तिकडेच राहिलीय. माझं डोकंच फिरलं. "बाबा, फॅब्रिकेटरला काय सांगताय? तिला सांगा ना, परत ये म्हणून." मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

आईने साखळी बघितली. "अहो, एवढी खाली? कुत्री येतील आत."

"तू पण येशील," बाबा म्हणाले.

आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन साखळी पुन्हा बघितली. मग म्हणाली, "अजून थोडी खाली घ्या. गुडघे दुखतात माझे."