वीसपैकी वीस

नाही नाही, ते रेकॉर्डिंगचं यंत्र आधी बंद करा, मॅडम, मग बोलू — केलंत? बरं. तर काय म्हणत होता, मोठ्या सरांच्या आठवणी! कॉलेजला दीडशे वर्षं झाली, ग्रंथ निघतोय, म्हणून प्रेतं फाडायच्या हॉलमधला म्हातारा शिपाई आज आठवला तुम्हाला. छत्तीस वर्षं तिथं प्रेतं धुतली मी, फॉर्मॅलिननं नाक गेलं माझं — दूध करपलं तरी वास येत नाही — आणि निरोपाला काय दिलं? घड्याळ. त्यावर नाव दुसऱ्याचंच कोरलेलं. हे छापा तुमच्या ग्रंथात. नाही छापणार, माहितीये मला.

सर विद्वान होते का? होते, नाही कोण म्हणतंय! पण हात? हात माझे. सरांचे हात थरथरायचे, हे कुणी सांगितलं नसेल तुम्हाला — ते खुर्चीत बसून बोट दाखवायचे, चिमटा आणि सुरी माझ्याकडे. तो बोटभर नियम ठाऊक आहे ना? अहो, ज्याच्यामुळे या कॉलेजचं नाव जगभर गेलं, तोच! जबड्याखालची गाठ काढायची तर सुरी कुठे लावायची? हाडाखाली एक बोट सोडून. का? तर ओठाचा कोपरा हलवणारी नस — दोऱ्याएवढी बारीक — हाडाच्या वरून जाते, खाली धोका नाही. सरांनी वीस चेहरे तपासले, वीसपैकी वीस! पुस्तकात छापलं, परदेशातले डॉक्टर शिकायला आले, व्याख्यानाच्या खोलीवर कोरून ठेवलंय, पोरं आजही घोकतात. ते वीसच्या वीस चेहरे सोलले कुणी? मी. एकेकाला चार-चार दिवस. आणि पुस्तकात आभार कुणाचे? फोटो काढणाऱ्याचे.

हसू नका. मला हसणारी माणसं आवडत नाहीत. अकराव्या चेहऱ्याचं सांगू? सांगतोच, तुमच्या त्या ग्रंथाची जिरवायचीच आहे मला. बाईचा चेहरा होता. नस सापडेना — सापडेना म्हणजे काय, मी वरच शोधत बसलो, आधीच्या दहांची वर होती ना, सवय! — आणि खालची चरबी बेधडक कापत गेलो, तर कचकन तुटली. ती खाली होती, मॅडम. हाडाच्या चांगली बोटभर खाली. आता सरांना काय सांगणार? आदल्याच महिन्यात एक नस तुटली तर सगळ्या पोरांदेखत म्हणाले होते, ‘याला कसाईखान्यात पाठवा.’ काय हसली पोरं! मग मी काय केलं — दोन्ही टोकं उचलली, हाडाच्या वर घेतली आणि केसाएवढ्या रेशमी दोऱ्यानं टाचून टाकली. सर आले, चष्मा लावला, वाकून बघितलं, म्हणाले, ‘अकरा.’ आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदा. त्या थापेनं मला किती आनंद झाला होता — आज लाज वाटते सांगायला.

पण चूक त्यांचीच! एवढ्या मोठ्या माणसाला शंका यायला नको? विसांत एकही वेगळी निघत नाही म्हणजे काय? त्या अकराव्या चेहऱ्याची बरणी अजून आहे कॉलेजच्या संग्रहालयात, तुम्ही फोटोही काढला असेल. भिंग लावून बघा, दोरा दिसेल.

मग? मग काय — तेरा वर्षांनी आमच्या हिला जबड्याखाली गाठ आली. साधीच. आपल्याच कॉलेजात नेलं, दुसरीकडे कशाला जायचं? कापणारा डॉक्टर माझ्याच टेबलावर शिकलेला. मलाच धीर देतो, ‘काका, घाबरू नका, बोटभर खालूनच कापणार.’ मी दारात उभा. बोलायचं होतं ते एवढंच — अरे बाबा, आणखी जरा खालून घे. पण का, कसं, सगळं निघालं असतं, नोकरी गेली असती. आणि मनात म्हटलं, विसांतली ती एक, ती आमचीच कशाला असेल?

हीच निघाली.

तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरते. चहा एका बाजूनं ओघळतो, रुमाल लावून पिते. आणि वर म्हणते काय, ‘मोठ्या सरांच्या नियमानं निभावलं हो, नाहीतर अख्खा चेहरा गेला असता!’ तो भिंतीवरचा फोटो बघा, सरांचा — तिनंच लावलाय, रोज पुसते. मी काढला नाही. कुठल्या तोंडानं काढू? आणखी किती जणींचं असं झालं असेल ते विचारू नका मला. मोठे सर गेले, त्यांना विचारा.

यातलं अक्षर छापायचं नाही, कळलं? ग्रंथात लिहा, सर थोर होते. झालं. आणि — तो लाल दिवा कसला? बंद केलंय म्हणालात ना तुम्ही! मला फसवता? द्या इकडे ते, द्या म्हणतो ना — अगं, तू? चहा आणलास? ठेव ना मग. अशी काय बघतेस, ठेव खाली.

साय धरलीय याच्यावर. किती वेळ उभी होतीस गं दारात?

मॅडम, तुम्ही निघा आता.