डाकवाटेवरच्या दोन किल्ल्या

हॅलो?… हां वहिनी, बोल… कोण आलं होतं? दवाखान्यात?… आणि सही मागत होते? दादाची?… अगं, दोन्ही हातांना बँडेज आहे त्याच्या. सही काय नाकानं करणार?

नाही, थांब. आधी माझं ऐक. त्या वनखात्यानं रविवारी माणूस मारलाच होता, वाचला तो त्याच्या चिवटपणानं. माथ्यावरच्या निवाऱ्याला कुलूप कुणी घातलं? त्यांनी. त्याची किल्ली कुठं? चाळीस किलोमीटर लांब, साहेबाच्या टेबलाच्या खणात. आणि दारावर पाटी काय, तर 'वाटसरूंसाठी सदैव खुला'. त्या पाटीच्या खाली कुलूप. लाज नाही वाटत यांना?

… हो, हो, ओरडत नाहीये. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात आहे. एक मिनिट हं… अहो काका, तुम्ही गाडीत जाऊन बसा. ड्रायव्हरच्या जागी, हो. चालू करू नका. नुसता आरसा नीट करा, मी आलेच… हां, बोल. बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, तिसरा धडा आज. क्लच असा दाबतात जणू खाली झुरळ आहे.

वाच तो कागद. शब्दन् शब्द वाच… 'गटाने नियमांचे पालन केले नाही.' बरं. पुढे… 'शासकीय मालमत्तेचे'… काय?… कुलूप फोडायला गेला म्हणून?

अगं, बर्फाच्या वाऱ्यात माणूस तीन तास दगडानं कुलूप ठोकतोय, पकड बसेना म्हणून हातमोजे काढून लोखंड धरतोय, कातडी चिकटून निघतेय, आणि यांना कुलपाची काळजी. मग त्याच्या शेजारच्या खाटेवर कुलपालाच झोपवा म्हणावं. सलाईन लावा त्याला.

… हसू नकोस. बरं, हस. चार दिवसांत पहिल्यांदा हसलीस.

… डॉक्टर येऊन गेले? काय म्हणाले?… दोन बोटं?… उजव्या हाताची?… कापणार कधी?… शुक्रवारी.

… नाही, आहे मी. ऐकतेय.

… हो गं, माहीत आहे. सुई त्याच बोटांत धरतो तो. माझा शाळेचा पहिला ड्रेस त्यानंच शिवला होता, एक बाही लांब, एक आखूड. तेव्हा त्याचं शिलाईचं दुकानही नव्हतं… अजून माझं नाव काढत नाही ना तो?… नसू दे. विचारलं आपलं.

अजून काय आहे कागदात?… वेळा? कसल्या वेळा?

… हो, खाली उतरलं की पायथ्याच्या चौकीतल्या वहीत वेळ लिहावी लागते. लिहिलं ना. माझ्याबरोबर उतरलेल्या मास्तरांनीही लिहिलं… चार वाजता. असेल… फाटकावर सहा-वीस. बरोबर. माथ्याच्या रस्त्याचं फाटक सहाला बंद होतं, तेच तर मी बोंबलून सांगतेय. पाय धरले त्या पहारेकऱ्याचे. वर दोन माणसं अडकलीत म्हटलं. तो म्हणे, साहेबांचा हुकूम नाही. पुढे बारा किलोमीटर चढ, वारा असा की उभं राहता येईना. सकाळी सहाला उघडलं त्यांनी. बारा तास, वहिनी.

… सव्वा तास. खालून फाटकापर्यंत वळसा घालून सव्वा तास लागतो… का विचारतेस?

… तू काय पोलीस आहेस का आता?

… नाही, रागावू नकोस. चुकलं… हिशेब बरोबर आहे तुझा. मधला एक तास कुठं गेला, ते लागत नाही.

सांगते. मधे बोलू नकोस, नाहीतर परत सांगणं व्हायचं नाही माझ्यानं.

आमच्या दरवर्षीच्या भटकंतीची पद्धत तुला ठाऊक आहे. दोन गाड्या, दोन टोकं. मी आणि मास्तर वरून उतरणार, दादा आणि कंपाउंडर खालून चढणार. डाकवाटेवरच्या मधल्या जुन्या चौकीत भेटायचं, डबे खायचे, किल्ल्या बदलायच्या. तो माझी गाडी घेऊन येणार, मी त्याची. दादाचंच डोकं ते. पूर्वी दोन्हीकडचे डाकवाले तिथं थैल्या बदलायचे, आपण किल्ल्या बदलू म्हणाला. नऊ वर्षं एकदा चुकलं नाही. या वेळी मी किल्ली हातात धरून त्याला शिकवत बसले… हो, दादाला. उतारावर दुसरा गिअर, हँडब्रेक शेवटपर्यंत ओढ. मागच्या वर्षी दार घासलं होतं ना त्यानं, ते उकरून काढलं. दोघांच्या देखत. म्हटलं, या वेळी एक ओरखडा दिसला तर मला तोंड दाखवू नकोस. तो म्हणाला, 'सायकल मी शिकवली तुला.' मी म्हटलं, 'म्हणूनच दोनदा दात पाडून घेतले.' मास्तर हसले, कंपाउंडर हसला. तो नाही हसला. पिशवी उचलली आणि चालू पडला. मग मीही उठले. त्याची किल्ली त्याच्या खिशात, माझी माझ्या. मास्तर जगाच्या चुका काढतात, त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

खाली आल्यावर कळलं. वर फोन लागत नाही. समोर दुधाचा टेम्पो निघतच होता, माथ्याच्या बाजूला. ड्रायव्हर म्हणाला, बसा ताई, फाटक बंद व्हायच्या आत माथ्यावर सोडतो.

… नाही बसले.

मास्तर म्हणाले, चला. मी म्हटलं, घाई काय आहे? गारठू दे जरा. ताठा उतरेल… हो. हेच शब्द. 'गारठू दे जरा.' टपरीवर बसून दोन चहा प्यायले मी. पुढची गाडी पाच वाजून पाच मिनिटांनी मिळाली.

… वहिनी?

… रड. शिव्या दे. फोन ठेवू नकोस फक्त.

… सोडणार तर त्यांनाही नाही मी. निवारा उघडा असता तर माझ्या माजानं कुणाचं बोट गेलं नसतं. आणि टेम्पोत बसले असते तर त्यांच्या कुलपानंही गेलं नसतं. दोन्ही लिहिणार. त्यांचं कुलूप आणि माझा चहा, एकाच कागदावर. खाली सही माझी. दादाची सही द्यायची नाही, सांगून ठेवते.

… मला काय वाटलं? मला वाटलं, फार तर माझ्या गाडीची काच फोडून आत बसतील. मागच्या सीटवर दोन ब्लँकेटं होती, कोरडे कपडे होते. कुणीही तेच केलं असतं. कंपाउंडर काय करत होता?… फोडू या म्हणाला? दगड उचलला होता?… मग?

… परत सांग.

… 'तिचं पोट आहे त्या गाडीवर.'

… म्हणून सरकारचं कुलूप ठोकत बसला.

… अं? नाही काका, आज नाही जमणार. उद्या या. किल्ली टेबलावर ठेवा, हो.

वहिनी, उठव त्याला… जागा आहे? मग बोलत का नाही?… स्पीकरवर? केव्हापासून?… म्हणजे टेम्पोचंही ऐकलं त्यानं.

… बरं झालं. माझ्या तोंडून ऐकलं. धर त्याच्या कानाशी… नाही, धर. जवळ.

दादा.

… नको बोलूस माझ्याशी. पुढेही नको बोलूस, मी मागे लागणार नाही. आज एकाच गोष्टीचं उत्तर दे. काच दोन दिवसांत नवी बसते. बोटं बसतात का? मी तुला आयुष्यभर टाकून बोलत आले, तू एकदा तरी मनावर घेतलंस का? मग तेवढं एकच का घेतलंस? दगड हातात होता, गाडी समोर होती. का नाही फोडलीस?

… तुझा श्वास ऐकू येतोय मला. मी फोन ठेवत नाहीये. सांग.