फारमात नसलेला रकाना

जुन्नरची गाडी येईना, म्हणून आळेफाट्याच्या स्टँडवर फळवाले अकबरभाई पेपर तोंडापुढं धरून शेजारच्या बाकावरचं बोलणं वाचत होते. चांगदेव नावाचा गडी आपल्या वहिनीला, आक्काबाईला, दंड दाखवत होता.

"बघा वयनी. औषध कंपनीच्या साहेबानं चाचणीला दिल्यालं रानतुळशीचं तेल. गजकरण पार गेलं."

"मंग त्वांड का उतरलंय?"

"साहेब तपासाया आलता. म्हनला, आग? खाज? फोड? मी म्हनलं, न्हाई. त्यानं लिवलं, तरास न्हाई."

"खरंच हाय की."

"मला न्हाईच. पर अंगावं माशी बसंना. घरचं कुत्रं वळखंना."

"ह्ये सांगितलं न्हाई व्हय?"

"फारमात तसा रकानाच न्हाई. परवा वासराला कुरवाळलं, तर गायीनं त्याला लाथ घातली. आता जवळ येऊ देईना."

"अगं बया!"

"तुमी बाटली नेली ना? नातीला लावू नगा, ह्येच सांगाया आलोय."

आक्काबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"कालच लावलं, भावजी."

"मंग?"

"गजकरण सुकलंय. पर सून सकाळधरनं इचारतीय, आत्याबाई, ही कुणाची पोर हो?"